कुटुंबात आजार : नाही

आमचे बाबा दुसऱ्यांच्या द्राक्षबागांवर औषध मारायचे. बाग आमची कधीच नव्हती. तासगाव भागात ज्यांच्या बागा होत्या त्यांना पाठीवर पंप घेऊन ओळीओळीतून फिरणारा माणूस लागायचा, तो माणूस म्हणजे आमचे बाबा. पुढे फवारणीसाठी ट्रॅक्टरचे ब्लोअर आले, तरी लहान बागवाले बाबांनाच बोलवायचे. अवकाळी ढग आले की बागमालक हवालदिल व्हायचा आणि आमच्या घरात चूल नीट पेटायची, कारण ढग म्हणजे द्राक्षावरचा दावण्या रोग आणि दावण्या म्हणजे जादा फवारणी. दुसऱ्याच्या संकटावर आमचं पोट चालायचं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण होतं ते असं होतं.

घरी आल्यावर बाबांचे कपडे आई मागच्या बाभळीवर वेगळे टाकायची. मोरचुदाने त्यांची नखं निळी झालेली असायची. हंगामात त्यांना भाकरीची चव लागायची नाही, म्हणून आई आधी गुळाचा खडा द्यायची आणि मग ताट वाढायची. दोन खोल्या, वर पत्रा, आणि पावसाळ्यात कुठल्या कोपऱ्यात पातेलं ठेवायचं ते सगळ्यांना पाठ.

मी आठ वर्षांची असल्यापासून त्यांच्याबरोबर बागेत जायचे. कारण साधं होतं. मला वाचता यायचं. डब्यावरचं लेबल वाचायचं, टोपणाने मोजून औषध ड्रममध्ये ओतायचं, काठीने ढवळायचं, हे माझं काम. बाबा मालकाला अभिमानाने सांगायचे, "पोरगी वाचून घालती, चुकायचं न्हाई." मलाही त्याचा अभिमान होता. छाटणीनंतर मी आणि आई बोटाला चिंधी गुंडाळून काडीच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागांना, फुटव्याची पेस्ट लावायचो. चिंधी दुपारपर्यंत टिकायची, मग नुसतं बोट.

बाबा चौथी शिकलेले, वाचणं बरंचसं विसरलेले, पण कागदाला फार मानायचे. मी अकरावीला असताना शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा होता. एका शहाण्याने सुचवलं, "वडील मयत दाखवा, लगेच मंजूर होतोय." बाबा हसले नाहीत. म्हणाले, "फॉर्म खोटा भरायचा न्हाई. आज वडील मयत, उद्या खरंच कुणी इचारलं तर काय सांगशील?" दोन दिवसांचं काम बुडवून त्यांनी उत्पन्नाचा खरा दाखला आणला. मी बी.एस्सी. झाले, केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यात पहिली पदवी माझी. हे मी कुणी न विचारताही सांगते, आणि सांगत राहणार.

पदवीदानाचा माझा फोटो बाबांनी भिंतीवर लावला आणि त्याच्याखाली आपली खुर्ची ठेवली. त्या खुर्चीत बसले की त्यांचं डोकं बरोबर फ्रेमच्या खालच्या कडेला टेकायचं.

पुढचं थोडक्यात. लग्न झालं, नवरा मुंबईच्या एका बँकेत, बँकेने त्याला टोकियोला पाठवलं. आम्ही टोकियोला लागून असलेल्या इचिकावात घर घेऊन राहिलो. पहिली दोन वर्षं मी भाषा शिकले, मग एका बेन्तोच्या, म्हणजे जेवणाच्या तयार डब्यांच्या, कारखान्यात आरुबाइतो केला, म्हणजे तासांवरचं काम, आणि मग तोयोसुच्या एका कंपनीत लागले. रसायनांच्या आयातीची कागदपत्रं तपासायची, केमिस्ट्रीचं सार्थक झालं. ऑफिसात कुणी विचारलं की वडील काय करतात, तर मी सांगायचे, "द्राक्षांच्या व्यवसायात आहेत." त्यात खोटं काय, असं मी स्वतःला विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागायचे.

इथे वर्षातून एकदा कंपनी सगळ्यांची आरोग्य तपासणी करते. कुणाला सूट नाही. सगळे एकसारखे गाऊन घालून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत रांगेने जातात, कुठे डोळे, कुठे रक्त, कुठे छाती. महिन्याभराने पाकीट येतं आणि त्यात प्रत्येक गोष्टीला ए, बी, सी, डी अशी श्रेणी. मला सलग सहा वर्षं ए होता. मग एका वर्षी, माझ्या एकेचाळिसाव्या वर्षी, एका ओळीत सी आला. रक्तातलं एकूण प्रोटीन जास्त. शेरा होता, लक्ष ठेवावे.

आयुष्यात मला कधी सी मिळाला नव्हता. मी पाकीट पर्समध्ये घातलं, परत काढलं, परत बघितलं. शेजारच्या टेबलावरच्या जपानी बाई, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, त्यांनी ते पाहिलं आणि आपलं पाकीट माझ्यापुढे सरकवलं. "कोलेस्टेरॉलमध्ये मी नऊ वर्षं सी आहे," त्या म्हणाल्या. "आता आमची दोस्ती झाली आहे."

मला दोस्ती नको होती. मला ए पाहिजे होता.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, प्रोटीन जास्त म्हणजे चांगलंच की. लोक पैसे देऊन प्रोटीन पावडरचे डबे आणतात."

"अहो, सी आहे तो. चांगलं असतं तर सी कशाला दिला असता?"

"मग कमी कर."

मी कमी केलं. अभ्यास करून मार्क वाढवायचे एवढं एकच मला येतं. प्रोटीन जास्त, तर प्रोटीन बंद. घरातली डाळ बंद, उसळ बंद, अंडी बंद, पनीर बंद. एक वर्षभर आमच्या घरी भात आणि भाज्या. मुलगी इथेच वाढलेली, ती जपानीत कुरकुरायची, तिच्या बापाला शेवटी तिने मराठीतून विचारलं, "बाबा, आईला डाळीने काय केलंय?" माझं पाच किलो वजन उतरलं. मी खूश होते. पेपर सोपा गेल्यासारखं वाटत होतं.

पुढच्या वर्षी डी आला.

आकडा वाढलाही नव्हता आणि उतरलाही नव्हता, जवळजवळ तोच. यावेळी त्यांनी सोबत पत्र जोडलं होतं, मोठ्या रुग्णालयात रक्ताच्या विभागात दाखवा. वर्षभर डाळ सोडून मी एक श्रेणी खाली आले होते. हे काय गणित आहे ते मला कळेना. त्या दिवशी मी संध्याकाळी कुकर लावला आणि तीन वाट्या आमटी प्यायले, रागाने.

ऑफिसजवळच, कोतोमधल्या एका रुग्णालयात गेले. तिथे दुभाष्याची सोय होती, टॅबलेटवर माणूस येतो आणि हिंदीतून समजावतो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, हवा का? मी म्हटलं, नको, मला जपानी येतं. मग त्यांनी प्रश्नांचा फॉर्म दिला. वेटिंगमध्ये बसून मी तो भरला. इथे हो किंवा नाही, जे असेल त्याला गोल करायचा असतो.

आईवडिलांना रक्ताचा आजार? नाही. मूत्रपिंडाचा? नाही. घरात कुणाला कारण नसताना हाडं मोडण्याचा त्रास? नाही. कॅन्सर? नाही. मी भराभर गोल करत गेले, आणि खरं सांगायचं तर छाती थोडी फुगलीच. आमच्या घरात कुणाला काही आजार नाही, हे आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. दवाखान्याची पायरी चढलेलो नाही आम्ही. पाहा, जपानच्या कागदावरसुद्धा सगळे नाही.

शेवटचा प्रश्न होता, कीटकनाशकं किंवा शेतीतली रसायनं यांच्याशी दीर्घकाळ संबंध आला आहे का?

तो शब्द मला येत होता. माझ्या कामातलाच शब्द आहे, दिवसातून दहा वेळा वाचते. नंतर मी नवऱ्याला सांगितलं की घाईत कळलं नाही, ते खोटं होतं. मी पेन थांबवलं, माझ्या अंगावरच्या ऑफिसच्या जॅकेटकडे बघितलं, आणि नाहीला गोल केला.

डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या, आवाजात चढउतार नाही. आणखी रक्त घेतलं, पुन्हा बोलावलं, हाडांचे फोटो काढले. मग एका दिवशी कागदावर पेन्सिलीने वेगवेगळे आकार काढले, चौकोन, त्रिकोण, चांदण्या. म्हणाल्या, रक्तातल्या काही पेशी शरीराच्या संरक्षणाचं प्रोटीन बनवतात, ते असं निरनिराळं असतं. मग शेजारी एकच त्रिकोण पुन्हा पुन्हा काढत गेल्या. तुमच्यात एक पेशी स्वतःच्याच नकला काढत बसली आहे, आणि त्या सगळ्या हेच एक प्रोटीन बनवतात. त्याचा काही उपयोग नाही.

"हा कॅन्सर आहे का?"

"नाही."

"मग आजार कोणता?"

"आजारही नाही. आजाराच्या आधीची एक अवस्था. बहुतेक लोकांना पुढे आयुष्यभर काही होत नाही. थोड्या जणांना हाडांतल्या मज्जेचा कॅन्सर होतो. तुम्हाला काय होईल ते आज सांगता येत नाही."

त्या अवस्थेचं लांबलचक नाव त्यांनी लिहून दिलं. शब्द सुटे करून वाचले तर नावातच म्हटलेलं होतं की या प्रकाराचा अर्थ काय ते निश्चित नाही. बी.एस्सी.ला आमच्या सरांनी असं उत्तर लिहिणाऱ्याला शून्य दिलं असतं.

"मी काय खाऊ?"

"काहीही. याचा खाण्याशी संबंध नाही."

एक वर्षाची डाळ माझ्या डोळ्यांसमोरून गेली.

"औषध?"

"नाही."

"मग मी करायचं काय?"

"सहा महिन्यांनी यायचं. लक्ष ठेवू."

मनात आलं, मला रागवा, सलाईन लावा, पथ्य सांगा, मी करीन. काहीच करायचं नाही हे मला येत नाही, मला कुणी शिकवलेलं नाही.

मग त्यांनी माझा फॉर्म पुढे ओढला. "हे साधारण उतारवयात सापडतं. तुमच्या वयात कमी. म्हणून विचारते, आईवडील दोघंही अगदी निरोगी?"

"हो," मी म्हटलं.

"त्यांची शेवटची रक्ततपासणी कधी झाली?"

"त्यांना कधी गरजच पडली नाही."

त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि आईवडिलांच्या ओळीपुढे बारीक प्रश्नचिन्ह काढलं. निघताना एक घडीचं पत्रक दिलं. त्यात यादी होती. यातलं काही झालं तर सहा महिने थांबू नका. पाठीचं किंवा बरगड्यांचं न थांबणारं दुखणं. उंची कमी होणं. थकवा, अंगात रक्त कमी असणं. सारखा न्यूमोनिया. खूप तहान, बद्धकोष्ठ. लघवीला फेस.

इचिकावाला जाणाऱ्या ट्रेनमध्ये मी ती यादी स्वतःला लावून बघितली. पाठ ठीक. तहान ठीक. माझ्यात यातलं एकही नव्हतं. तरी काहीतरी आठवल्यासारखं वाटत होतं आणि काय ते आठवत नव्हतं. घरातून निघताना गॅस बंद केला की नाही, तसं.

रविवारी नेहमीप्रमाणे गावी व्हिडिओ कॉल लावला. आईने फोन धरला. मी माझ्या तब्येतीचं काही सांगितलं नव्हतं. विचारलं, बाबा कसे आहेत?

"त्यांचं काय, हायेच," आई म्हणाली. "पाठ धरून बसत्यात. कळशीभर पाणी पित्यात, तरी तोंड वाळतंय म्हणत्यात. परसाकडं हुईत न्हाई. मागं छातीत कफ झालता, ते तीनदा उलटलं. दर बेस्तरवारी दवाखान्यात सुई मारून येत्यात, अन् दुखण्याच्या गोळ्या हायेत, दिवसाला तीन. बाकी काय न्हाई."

पत्रक माझ्या समोर टेबलावर होतं. ते जपानीत होतं आणि आई तासगावच्या बोलीत होती, म्हणून मला जुळवायला वेळ लागला. मी म्हटलं, "आई, फोन बाबांकडे वळव."

बाबा खुर्चीत बसले होते, माझ्या फोटोखाली. फोटो आणि त्यांचं डोकं यांच्यामध्ये भिंत दिसत होती. चांगली चार बोटं भिंत.

"बाबा, फोटो वर सरकवला का?"

"कशाला सरकवू? हाय तिथंच हाय."

"तुमची उंची कमी झालीय."

"तीस वर्सं पंप वाहिलाय, दाबलो आसंन!" ते हसले, आणि हसता हसता एकदम थांबून त्यांनी बरगडीला हात लावला.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "हे बघ, यादी हातात असली की सगळीकडे तेच दिसतं. अडुसष्ट वर्षांच्या माणसाची पाठ दुखणारच." तेही मला पटलं. मला दोन्ही पटत होतं, सकाळी एक आणि दुपारी दुसरं. ऑफिसात कागद तपासताना वाटायचं, किती मूर्ख आहे मी, स्वतःचा डी बापाच्या गळ्यात घालते आहे. मग ती चार बोटं भिंत आठवायची. आमच्या घरात आजार नाही म्हणजे काय? आम्ही कधी बघितलं होतं? कुणाचंही रक्त कुणी काढलं नव्हतं. माझे आजोबा, बाबांचे वडील, पाठ मोडून अंथरुणातच गेले, त्याला सगळे म्हातारपण म्हणाले. फॉर्मवर मी इतक्या ठामपणे गोल केले होते, त्यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं. माहीत होतं ते फक्त शेवटच्या प्रश्नाचं, आणि तिथे मी खोटं लिहिलं होतं.

तीन आठवडे असे घालवले. त्या तीन आठवड्यांत बाबांनी साठएक गोळ्या खाल्ल्या असतील. हा हिशोब मी नंतर केला.

मग मी रुग्णालयात फोन करून लवकरची वेळ मागितली. यावेळी मीच म्हटलं, दुभाष्या द्या, एकही शब्द चुकायला नको. टॅबलेटवर एक बाई आल्या, हिंदी बोलणाऱ्या. मी डॉक्टरांना म्हटलं, माझा फॉर्म चुकला आहे, मला दुरुस्त करायचा आहे. आणि सांगितलं. आठव्या वर्षापासून कॉलेजला जाईपर्यंत औषधाचा ड्रम ढवळला. हातमोजे नव्हते. वडील तीस वर्षं पाठीवर पंप घेऊन फवारत होते. वडिलांचा व्यवसाय नाही, मजुरी आहे.

टॅबलेटवरच्या बाई मध्येच थांबल्या. "बहनजी, आठ साल की उम्र में? ठीक सुना मैंने?"

"जी. मुझे लेबल पढ़ना आता था."

त्यांनी ते जपानीत सांगितलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं. मला वाटलं होतं त्या रागावतील. त्यांनी विचारलं, "वडिलांबद्दल आणखी सांगा." मी आईची यादी सांगितली, गोळ्यांसकट. भिंतीचं सांगितलं.

"समोर नसलेल्या माणसाचं निदान मी करू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण माझे वडील असते तर मी या आठवड्यात रक्त तपासलं असतं. जवळच्या नात्यात हे कधीकधी एकाहून जास्त जणांत सापडतं. आणि मूत्रपिंड कसं आहे हे कळेपर्यंत त्या गोळ्या चालू ठेवायच्या का, ते तिथल्या डॉक्टरांना लगेच विचारा."

"म्हणजे फवारणीमुळे झालं?"

"अशी रसायनं वापरणाऱ्यांत हे जास्त दिसतं, असं म्हणतात. रक्ताच्या नात्यातही दिसतं. वय वाढलं की वाढतं. एका माणसाला नेमकं कशामुळे झालं, ते मला सांगता येणार नाही."

पुन्हा तेच. कळत नाही, सांगता येत नाही, निश्चित नाही. पण चार तपासण्यांची नावं त्यांनी इंग्रजीत लिहून दिली आणि तो कागद हातात आल्यावर मला पहिल्यांदा काहीतरी करायला मिळालं.

बाबा मात्र ऐकेनात. फोनवर म्हणाले, "दुखती पाठ, अन् काढायचं रगत? तुमच्या जपानात आसं आसतंय व्हय?"

"बाबा, मिरजेला मोठ्या दवाखान्यात एकदा जाऊन या ना."

"मिरजेला गेलेला माणूस फाईल घिऊनच परत येतोय. मला न्हाई फाईल पायजे. काय झालंय मला? बेस्तरवारी सुई मारली की सोमवारपत्तर ठीक आसतंय."

आई मागून म्हणाली, "अन् मंगळवार-बुधवार कोण कण्हतंय, मी?"

"तू गप गं."

मी अर्धा तास समजावलं. किडनी म्हटलं, कॅल्शियम म्हटलं, केमिस्ट्री सगळी ओतली. ते हं हं करत होते, म्हणजे ऐकत नव्हते. शेवटी जे सांगायचं नव्हतं ते मी सांगितलं.

"बाबा, माझ्या रक्तात काहीतरी सापडलंय. सध्या त्रास नाही. पण इथल्या डॉक्टरांनी फॉर्म दिला, घरात कुणाला असं आहे का? मी लिहिलं, नाही. न बघता लिहिलं. तुमच्या कामाचंही खोटं लिहिलं."

मग बाबा म्हणाले, "काय लिवलंस?"

"औषधाशी संबंध नाही असं."

"का?"

उत्तराची वाट न बघता तेच म्हणाले, "फॉर्म खोटा भरायचा न्हाई, तुला सांगितलं हुतं." आणि मग, "कुठली कुठली तपासणी म्हणालीस? तुझ्या आईला सांग, ती लिवून घील. उद्याची येष्टी धरतो."

स्वतःच्या पाठीसाठी ते गेले नसते. माझ्या फॉर्मसाठी गेले.

चार दिवसांनी मिरजेच्या डॉक्टरांचा फोन आला. हिमोग्लोबिन खूप उतरलेलं, किडनीचं काम निम्म्याहून कमी, कॅल्शियम चढलेलं, पाठीचे तीन मणके बसलेले. आणि तेच प्रोटीन, माझ्यासारखंच, फक्त माझ्याहून कितीतरी जास्त. मज्जेची तपासणी केली. मायलोमा. माझ्या डॉक्टरांनी ज्याला थोड्या जणांना होतो म्हटलं होतं, तो. "ही पेनकिलर कोण देत होतं यांना?" मिरजेचे डॉक्टर म्हणाले. "आणखी दोन महिने या गोळ्या चालल्या असत्या, तर डायलिसिसवरच आले असते."

फोन आल्यापासून चौथ्या दिवशी मी मिरजेत होते. वॉर्डमध्ये बाबा कॉटवर, हाताला सलाईन, नखं साध्या रंगाची. मला बघून आधी विचारलं, "रजा बिनपगारी टाकलीस का पगारी?" मग आई चहा आणायला गेली तेव्हा म्हणाले, "ते तुझ्यात हाय ते... माझ्याकडनंच आलं व्हय?"

"माहीत नाही, बाबा."

"का ड्रममधनं?"

"तेही माहीत नाही."

"ड्रमाशी तुला मीच उभी केलती." ते छताकडे बघत होते. "लेबल वाचायला."

मला म्हणायचं होतं की तसं नाही. पण तसं आहे की नाही हे मला खरंच माहीत नव्हतं, आणि त्या माणसासमोर पुन्हा न बघता नाही म्हणायचं मला जमेना. मी त्यांचा सलाईन नसलेला हात हातात घेतला. म्हटलं, "लेबल वाचता आलं म्हणूनच आज हेही वाचता आलं." ते त्यांना पटलं की नाही मला कळलं नाही. मलाही ते पुरतं पटलेलं नाही.

याला आता दीड वर्ष झालं. बाबांना दर आठवड्याची इंजेक्शनं होती, आता महिन्याला एक आणि रोजची गोळी. मिरजेची फाईल बरीच जाड झाली आहे आणि ते ती पिशवीत घालून स्वतः नेतात. रोग बरा होत नाही, दबून राहतो, असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे तिथेही लक्षच ठेवायचं. बसलेले मणके परत उठत नाहीत, फोटो आणि डोकं यांच्यामधली भिंत तेवढीच आहे. मी फोटो खाली घेऊ का विचारलं, तर म्हणाले, आहे तिथं राहू दे. आईचंही रक्त तपासलं, तिच्यात काही नाही. हे नाही बघून लिहिलेलं आहे.

मी सहा महिन्यांनी कोतोला जाते. माझा आकडा तेवढाच आहे. का आला, पुढे काय करणार, कुणाला ठाऊक नाही. तपासणीच्या आदल्या आठवड्यात मला पाठ दुखल्यासारखी वाटते आणि नंतर थांबते. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मी आता सांगितलं आहे की वडील द्राक्षबागेत मजूर होते, फवारणी करायचे. त्या म्हणाल्या, "मग द्राक्षं खूप खाल्ली असतील!" मी म्हटलं, एकही नाही. आम्हाला माहीत होतं त्यावर काय मारलंय.

गेल्या खेपेला मी काउंटरवर नवा कोरा फॉर्म मागितला आणि पहिल्यापासून भरला. वडील : मायलोमा, उपचार चालू. शेतीतली रसायनं : हो, आठ ते सतरा वर्षं वय. डॉक्टरांनी तो वाचला, जुना काढून टाकला आणि हा फाईलला लावला.

बाबांना डायलिसिस लागलं नाही. ते काठीशिवाय एस.टी. स्टँडपर्यंत चालत जातात आणि मिरजेची गाडी स्वतः पकडतात.